डावा काठ सोडा: ठाणे–नवी मुंबईत रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतला बराचसा रोजचा प्रवास सायकलच्या आवाक्यातला आहे. कोपरखैरण्याहून महापेच्या औद्योगिक वसाहतीत, नेरूळहून वाशीच्या कार्यालयात किंवा घोडबंदर रस्त्यावरील संकुलातून ठाणे स्थानकापर्यंत जायचे, तर अंतर साधारणपणे तीन ते बारा किलोमीटरच्या दरम्यान भरते, आणि नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सपाट जमिनीवर वसलेला असल्यामुळे चढही फारसा लागत नाही. खरी अडचण आहे ती सायकलस्वाराने जिथून जावे अशी सर्वांची अपेक्षा असते त्या पट्ट्यात. डांबराचा सर्वांत डावीकडचा मीटरभर रुंदीचा भाग वर्दळीपासून दूर म्हणून सुरक्षित वाटतो. परंतु गटारांच्या जाळ्या, वाळू आणि काचा, मोटारींची उघडणारी दारे, प्रवासी दिसताच थांबणाऱ्या रिक्षा, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि साचलेले पाणी हे सारे नेमके तिथेच जमा होते. खालच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीला धरून आहेत.

रस्त्यावरची जागा

पदपथाच्या कडेपासून किंवा उभ्या वाहनांच्या रांगेपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवावे आणि सायकल सरळ रेषेत चालवावी. दोन उभ्या मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचे आणि पुढची मोटार आली की पुन्हा बाहेर यायचे, ही सवय पूर्णपणे सोडावी. मागून येणाऱ्या चालकाच्या दृष्टीने अशी सायकल दर वेळी अचानक समोर उगवते. रस्ता इतका अरुंद असेल की मागच्या मोटारीला पुरेसे अंतर सोडून पुढे जाता येणारच नाही, तर तेवढ्या टप्प्यात मार्गिकेच्या मध्यावरून जावे. ठाण्यात नौपाड्याच्या आतील रस्त्यांवर आणि नवी मुंबईतील जुन्या गावठाणांमध्ये हेच करावे लागते. कडेला चिकटून राहिले तर मागचा चालक फटीतून घुसण्याचा मोह आवरत नाही. मध्यावर असले तर तो थांबतो, हॉर्न वाजवतो आणि रस्ता रुंद झाल्यावर पुढे जातो. हॉर्न ऐकू आला म्हणजे आपण चालकाला दिसलो आहोत, एवढीच माहिती त्यातून घ्यावी आणि दचकून डावीकडे झुकू नये.

वेगवान रस्त्यांवर मात्र हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. वाशी ते बेलापूर असा सुमारे दहा किलोमीटरचा पाम बीच मार्ग सायकलस्वारांना आवडतो, कारण तो रुंद आहे आणि खाडीवरून वारा येतो. पण तिथे मोटारींचा वेगही मोठा असतो. अशा रस्त्यावर मार्गिकेचा मध्य न धरता डावी बाजूच धरावी, फक्त कडेपासूनचे मीटरभर अंतर सोडू नये. रात्री उशिरा आणि पहाटे अंधारात तो मार्ग टाळून सेक्टरांमधील आतले रस्ते घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ठाण्यातही माजिवड्यापासून कासारवडवलीकडे जाताना सगळा प्रवास घोडबंदर रस्त्यानेच करण्याचे कारण नाही. एका बाजूला बाळकूम–ढोकाळी–कोलशेत रस्ता आहे, तर दुसऱ्या बाजूला पोखरण रस्ता क्रमांक दोनवरून ग्लॅडिस अल्वारिस मार्गाने मानपाड्याला निघता येते. या वाटांनी काही मिनिटे अधिक लागतात; त्या बदल्यात डंपर आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जाण्याची वेळ कमी येते. मुंबईला जाण्यासाठी अटल सेतूचा विचार कोणी करत असेल, तर तिथे सायकलींना प्रवेशच नाही.

उजवीकडे सरकायचे असेल तेव्हा आधी मागे पाहावे, मग हात दाखवावा आणि त्यानंतरच सरकावे. हे वाचायला सोपे वाटते, परंतु डोके मागे वळवताना हँडलही नकळत त्याच बाजूला वळते. म्हणून रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या रस्त्यावर डांबरावरील पांढऱ्या रेषेवरून चाके न हलू देता मागे पाहण्याचा सराव करून घ्यावा. हँडलला लावायचा लहान आरसा उपयोगी आहे. मात्र आरशात पाहून झाले तरी वळण्यापूर्वी एकदा मान वळवावीच.

दारे आणि रिक्षा

ताशी अठरा किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात पाच मीटर पुढे सरकते. मोटारीचे दार उघडायला एवढाच वेळ लागतो, म्हणून दार उघडताना पाहून ब्रेक दाबण्यावर विसंबू नये. दार पूर्ण उघडले तरी ते आपल्यापर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर आधीपासून राखणे हाच उपाय आहे. रस्ता अरुंद असल्यामुळे ते शक्य नसेल, तर वेग चालण्याच्या जवळपास आणावा आणि उभ्या मोटारींच्या मागच्या काचेतून आत कोणी बसलेले आहे का, ब्रेकचे दिवे नुकतेच विझले आहेत का, हे पाहत जावे. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेच्या फाटकाबाहेर आणि संध्याकाळी मिठाईच्या दुकानांसमोर याची विशेष गरज असते.

रिक्षा थांबणार हे तिच्या दिव्यांवरून क्वचितच कळते. चालकाची मान पदपथाकडे वळली, किंवा पुढे कोणी हात केला, की रिक्षा डावीकडे कापणार असे गृहीत धरावे. थांबलेल्या रिक्षाच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नये, कारण प्रवासी तिथूनच उतरतो आणि तो सायकलीसाठी मागे पाहत नाही. स्थानकाबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगांपाशी सरळ खाली उतरून सायकल ढकलत नेणे अधिक शहाणपणाचे ठरते. बसथांब्यावरही हेच लागू आहे: महापालिकेची बस थांब्याकडे वळत असेल तर तिच्या मागे थांबावे आणि तिचे प्रवासी चढून-उतरून झाल्यावर निघावे. बस आणि थांबा यांच्यामधल्या फटीतून जाणारा सायकलस्वार स्वतःपेक्षा उतरणाऱ्या आजीबाईंना अधिक धोक्यात घालतो.

उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्यांचा प्रश्न सेवारस्त्यांवर सर्वाधिक आहे. समोरून दुचाकी येताना दिसली की ती आपल्याला कडेला ढकलू पाहते. पण आपण डावीकडे गेलो तर पदपथ आणि ती यांच्यामध्ये सापडतो आणि आपण उजवीकडे गेलो तर मागच्या वाहनासमोर येतो. अशा वेळी वेग कमी करून आपली रेषा कायम ठेवावी, गरज पडल्यास थांबावे, आणि समोरच्याला बाजूने जाऊ द्यावे. वाद घालण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण कामावर वेळेत पोहोचायचे असेल तर तो रविवारसाठी राखून ठेवावा.

डंपर, ट्रेलर आणि बस

सायकलस्वाराच्या जिवाला सर्वांत मोठा धोका लांब आणि अवजड वाहनांपासून असतो, आणि आपल्या भागात त्यांची कमतरता नाही. तुर्भे–महापे–रबाळे पट्ट्यातील कारखाने, वाशीचा कृषी उत्पन्न बाजार, उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर आणि घोडबंदर मार्गे गुजरातकडे निघालेले ट्रक या सगळ्यांची वाट आपल्या रोजच्या रस्त्यांना कुठे ना कुठे छेदते.

लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता वळणाच्या आतल्या बाजूने जातात. चालकाला हे ठाऊक असते, म्हणून वळण्यापूर्वी तो वाहन थोडे उजवीकडे घेतो. नवख्या सायकलस्वाराला वाटते की आता डावीकडे जागा मोकळी झाली. ती जागा मोकळी झालेली नसते, पुढच्या काही सेकंदांत तिथूनच मागची चाके जाणार असतात. त्यातच चालकाच्या केबिनच्या डाव्या दाराखालचा आणि अगदी नाकासमोरचा भाग त्याला आसनावरून दिसत नाही. म्हणून सिग्नलला ट्रक किंवा बस उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे सरकून रांगेच्या तोंडाशी जाऊ नये. तिच्या मागे, मार्गिकेच्या मध्यावर थांबावे. आपण आधी पोहोचलो आणि ट्रक नंतर बाजूला येऊन उभा राहिला, तर चालक आरशात दिसतो का ते पाहावे. तो आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, असे समजून सायकल उचलून पदपथावर घ्यावी. यात कमीपणा काही नाही.

उड्डाणपुलाच्या सुरुवातीचा फाटा ही दुसरी जागा. मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ येथे, तसेच ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या पुलांपाशी, सायकलीने खालचाच रस्ता धरावा. वरच्या बाजूला कठड्याला लागून वाळू साचलेली असते, पुलाच्या सांध्यांच्या लोखंडी पट्ट्या पावसात निसरड्या होतात, आणि मध्येच काही बिघडले तर थांबायला जागा नसते. खाली जाताना वेगात वर चढू पाहणाऱ्या मोटारी डावीकडून उजवीकडे आपल्याला ओलांडतात, म्हणून फाट्याच्या बरेच आधी डाव्या मार्गिकेत स्थिर व्हावे आणि हाताने दिशा दाखवत राहावे.

रस्त्याचा पृष्ठभाग आणि पावसाळा

कोरड्या दिवसांत लक्ष ठेवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. गटारावरील जाळीच्या पट्ट्या जाण्याच्या दिशेला समांतर असतील तर बारीक टायर त्यांत अडकतो, तेव्हा जाळी शक्यतो चुकवावी आणि चुकवता आली नाही तर काटकोनात ओलांडावी. खचलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडा आणि नव्याने डांबर टाकल्यावर राहिलेली उंचवट्याची लांब रेषा यांनाही हाच नियम लागू आहे. रंग न दिलेले गतिरोधक अंधारात दिसत नाहीत. रोजच्या वाटेवरचे पाठ होतात, म्हणून नव्या वाटेने पहिल्यांदा जाताना दिवसाउजेडी जावे. मे महिन्यात पर्जन्यवृक्षांच्या चिकट शेंगा आणि सोनमोहराच्या पाकळ्या रस्त्यावर पसरतात. पहिल्या सरीबरोबर त्यांचा जो राडा होतो त्यावर वळताना ब्रेक दाबू नये.

पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. पहिल्या एक-दोन सरींत रस्त्यावर साठलेले तेल आणि धूळ वर येते आणि डांबर सर्वांत निसरडे असते ते याच वेळी. त्यानंतर झेब्रा पट्ट्यांचा रंग, मेट्रोच्या कामाच्या ठिकाणी टाकलेले लोखंडी पत्रे, गटारांची झाकणे आणि सावलीतल्या पेव्हर ब्लॉकवर धरलेले शेवाळ यांवर चाक घसरते. यांच्यावरून जाताना सायकल उभी ठेवावी, पेडल मारू नये, ब्रेक लावू नये, वळू नये; जे काही करायचे ते आधी करून घ्यावे. रिमला रबर लागून थांबणारे ब्रेक असतील तर पावसात चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या पाणी पुसण्यात जातात आणि मग एकदम पकड येते. म्हणून सिग्नलच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके टेकवून ठेवावेत. डिस्क ब्रेकवर पाण्याचा परिणाम कमी होतो, आणि बारा महिने सायकल वापरायची असेल तर नवी घेताना त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरेल.

साचलेल्या पाण्यात शिरू नये. त्याखाली खड्डा आहे की झाकण निघालेले गटार आहे हे वरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ठाण्याहून कळवा मार्गे ऐरोलीकडे जाणाऱ्यांना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचणारे पाणी परिचित असेल. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी तिकडून निघूच नये. नवी मुंबईत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे भरतीची वेळ. शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीजवळच्या जमिनीवर उभा असल्यामुळे पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडण्याची व्यवस्था केलेली आहे. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही आणि सखल भागांतले रस्ते तुंबतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रात भरतीच्या वेळा छापून येतात. ज्या दिवशी मोठी भरती कार्यालय सुटण्याच्या सुमारास असेल त्या दिवशी सायकल तिथेच ठेवून लोकलने घरी यावे.

साहित्याबाबत थोडक्यात एवढेच सांगता येईल की दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेत, कारण अर्ध्या मडगार्डमुळे पाठीवर चिखलाची सरळ रेघ उमटते. सैल पोंचो खाडीपुलावरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो, त्यापेक्षा अंगासरशी जाकीट बरे. मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा पावसात दिवसाही लावावा. मागचा दिवा केवळ लुकलुकता असेल तर अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून एक स्थिर आणि शक्य असल्यास दुसरा लुकलुकता ठेवावा.

कुत्री, मांजा आणि फुगे

रात्रपाळीहून परतणाऱ्यांच्या मागे कुत्री लागतात. फिरणारे चाक आणि हलणारा पाय यांमुळे ती पाठलाग करतात, आणि वेग वाढवला की पाठलागही वाढतो. थांबावे, उतरावे, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालत पुढे जावे. बहुतेक कुत्र्यांचा उत्साह तेवढ्याने ओसरतो. लाथ मारण्याच्या नादात तोल जाऊन पडणे ही चाव्यापेक्षा मोठी इजा ठरू शकते. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि जखम किरकोळ दिसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

डिसेंबरच्या अखेरीपासून संक्रांतीपर्यंत पतंगांच्या मांजाची भीती असते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो अजून सापडतो. या दिवसांत गळ्याभोवती जाड कापडाचा पट्टा किंवा मफलर गुंडाळावा, त्याची टोके मात्र कपड्यांत खोचलेली असावीत, आणि मोकळी मैदाने व चाळींच्या गच्च्या लागून असलेल्या रस्त्यांवर वेग कमी ठेवावा. होळीच्या आधीच्या आठवड्यात इमारतींच्या गच्चीवरून पाण्याने भरलेल्या पिशव्या येतात; डोळ्यांवर साधा चष्मा असला तर अचानक काही बसले तरी डोळे मिटून सायकल भरकटत नाही.

पंक्चर

टायरच्या बाजूवर हवेचा किमान आणि कमाल दाब छापलेला असतो; त्या दोहोंच्या दरम्यान हवा ठेवावी आणि आठवड्यातून एकदा तपासावी. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. टायर बत्तीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावा. आपल्या रस्त्यांवर त्याहून बारीक टायर घेण्यात मला तरी काही लाभ दिसत नाही.

सोबत एक ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिक पाने, लहान पंप आणि चाकाच्या नटाचा पाना बाळगावा. अनेक साध्या सायकलींच्या नटाला पंधरा मिलिमीटरचा पाना लागतो. वाटेवरचे पंक्चरवाले मुख्यत्वे मोटारसायकलींचे काम करतात आणि त्यांच्याकडे सायकलीची ट्यूब असेलच असे नाही. पेट्रोल पंपावरील हवेची नळी मोटारीसारख्या जाड श्रेडर वॉल्व्हलाच बसते. बारीक प्रेस्टा वॉल्व्हसाठी पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो वॉल्व्हवरच लावून ठेवावा. जुन्या पद्धतीच्या सायकलीचा वॉल्व्ह असेल तर हातपंपच लागतो. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवून काटा, तार किंवा काच शोधून काढावी, नाहीतर दुसरी ट्यूबही काही मिनिटांत बसते.

घाम आणि कार्यालय

एप्रिल–मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत घाम टाळता येत नाही, तो आवरता मात्र येतो. शेवटचा किलोमीटर मुद्दाम सावकाश चालवावा, पाठीवरची पिशवी काढून कॅरिअरला बांधावी आणि कार्यालयात पोहोचल्यावर लगेच कपडे न बदलता दहा मिनिटे पंख्याखाली थांबावे. नंतर ओल्या पंचाने अंग पुसून शर्ट बदलावा. इस्त्रीचे शर्ट सोमवारी लोकलने एकदमच नेऊन ठेवणे सर्वांत सोयीचे.

इमारतीच्या फाटकावरील रखवालदाराशी होणारा संवाद वेगळ्याच कौशल्याचा विषय आहे, कारण त्याच्या वहीत वाहन क्रमांकाचा रकाना असतो आणि सायकलीला क्रमांक नसतो. त्याच्याशी रोज वाद घालण्यापेक्षा आस्थापना विभागाकडून सायकल कुठे ठेवायची याचे एका ओळीचे पत्र एकदाच घेऊन त्याची प्रत फाटकावर द्यावी.

धडक झाल्यास

किरकोळ वाटली तरी वाहनाचा क्रमांक लगेच टिपून घ्यावा, जागेचे आणि सायकलीचे छायाचित्र काढावे, ११२ वर पोलिसांना आणि गरज असल्यास १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवावे. मोटार वाहनाच्या धडकेत जखमी झालेल्या सायकलस्वाराला त्या वाहनाच्या तृतीय पक्ष विम्यातून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता येते, आणि त्यासाठी पोलिसांतील नोंद व रुग्णालयाची कागदपत्रे आवश्यक असतात. जागेवरच हजार-पाचशे रुपये घेऊन विषय मिटवला आणि दुसऱ्या दिवशी मनगट सुजले तर मागे जाता येत नाही. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्र सरकारच्या योजनेखाली गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळू शकतात.

चोरी

स्थानकाबाहेर दिवसभर सायकल ठेवायची असेल तर ती जुनी आणि साधी असावी; महागडी सायकल तिथे ठेवू नये. बारीक तारेचे कुलूप पक्कडीने तुटते, म्हणून जाड साखळी किंवा यू-कुलूप घ्यावे आणि सायकलीची चौकट व मागचे चाक अशा दोन्हींना ओवून ते जमिनीत रोवलेल्या खांबाला लावावे. केवळ चाकाला लावलेल्या कुलपामुळे सायकल उचलून टेम्पोत टाकायला काहीच अडचण येत नाही. झटक्यात निघणारे पुढचे चाक आणि आसन असेल तर त्यांच्या जागी नट बसवून घ्यावेत. खरेदीचे बिल, सायकलीचे छायाचित्र आणि पेडलच्या दांड्याजवळ चौकटीच्या खालच्या बाजूला कोरलेला क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवावा. चोरीची तक्रार देताना पोलीस ठाण्यातील हवालदार पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच विचारतो.